खानोलकरांची प्रयोगशाळा आणि पहिला रुपया

आमच्या मलकापुरात, किंबहुना साऱ्या शाहूवाडी तालुक्यात, तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी ही माणसाच्या जवळची नेहमीची चीजवस्तू. बायकांत मशेरीची सवय. गालाच्या आतली जखम भरून येईना की घरचे धास्तावतात आणि कुणीतरी मुंबईला टाटा रुग्णालयात न्यायला सांगतो. तंबाखूचा आणि त्या जखमेचा संबंध आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आपल्या देशात तो अभ्यासून मांडणाऱ्यांत अग्रणी होते डॉ. वसंत रामजी खानोलकर.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम. डी. होऊन ते परतले आणि मुंबईच्या ग्रँट व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले. विकृतिशास्त्रज्ञाचे काम पडद्यामागचे. रोग्याला शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आठवतो. मांसाचा तुकडा काचपट्टीवर ठेवून निदान करणारा आठवत नाही.

मी जन्मभर बँकेत कर्जप्रकरणे तपासली. उद्योजकाने आधी स्वतःचे काही घातले आहे का, हे आम्ही प्रथम पाहत असू. त्याला मार्जिन मनी म्हणतात. नुसत्या कल्पनेवर बँक पैसे देत नाही; शेड उभी असली, एखादे यंत्र फिरत असले, की मंजुरीला बळ येते. संशोधनाचेही तसेच. सरकारी समिती विचारते, आजवर काय सिद्ध केलेत? आणि सिद्ध करायलाच तर पैसे हवे असतात! हा पेच सोडवायला कुणीतरी पहिला रुपया धोक्यात घालावा लागतो.

खानोलकरांच्या बाबतीत तो टाटांच्या विश्वस्त निधीतून आला. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी पत्नीच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी निधी स्थापला, आपली संपत्तीही विश्वस्तांकडे सोपवली आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन खानोलकरांकडे आले.

रोग्याचे वय लिहून घेऊन ते थांबले नाहीत. तो काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हेही त्यांनी पाहिले. तंबाखू-चुना धरणाऱ्याचा गाल, जळते टोक तोंडात घेऊन चिरूट ओढणाऱ्या आंध्रातल्या लोकांची टाळू, धोतर घट्ट आवळणाऱ्याची कंबर! चालीरीती आणि कर्करोग यांची अशी सांगड घालणारा त्यांचा निबंध १९४५ साली परदेशी नियतकालिकात छापून आला. देशाला स्वातंत्र्य मिळायचे होते, तेव्हाच हे भांडवल जमले होते.

म्हणूनच १९५२ साली केंद्र सरकारने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र काढले, तेव्हा त्याच्या संचालकपदासाठी माणूस शोधत हिंडावे लागले नाही. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारखी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली माणसेही होती. सरकारने कोऱ्या कागदावर नव्हे, चालत्या कामावर पैसे लावले, असे मला वाटते. पुढे १९५७ साली रुग्णालय आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र आल्या. एवढा डोलारा एकट्या विश्वस्त निधीला कायमचा पेलला नसता, हेही खरेच. दानाने सुरुवात करावी, सरकारने ती निभवावी, अशी ही विभागणी.

खानोलकरांना पद्मभूषण मिळाले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते निवर्तले.

आपल्याकडे दानत कमी नाही. देवळाचा सभामंडप, शाळेची खोली, रुग्णवाहिका यांसाठी लोक हात सैल सोडतात, कारण तिथे नावाची पाटी लागते. एखाद्या होतकरू डॉक्टरच्या दोन वर्षांच्या अभ्यासासाठी, त्याच्या काचपट्ट्या आणि नोंदवह्यांसाठी कुणी वर्गणी काढल्याचे मी पाहिलेले नाही. आमच्या भागातल्या गालांच्या जखमा मात्र अजून मुंबईची वाट चालताहेत.