गामा पैलवान : लंडनची बरोबरी, पतियाळाचा निकाल

कुस्ती बरोबरीत सुटली की प्रेक्षक हळहळतात आणि घरी जातात. पैलवानाच्या मनात मात्र तिची सल राहते. गामा पैलवानांच्या कारकिर्दीची दोन शिखरे अशाच एका अनिर्णित कुस्तीने जोडलेली आहेत.

पंजाबातील पैलवानांच्या घराण्यातले गुलाम मोहम्मद ऊर्फ गामा यांचा जन्म 1878 चा. पितृछत्र बालपणीच हरपले. दहाव्या वर्षी जोधपूरच्या बैठकांच्या स्पर्धेत शेकडो प्रौढ मल्लांमध्ये ते अखेरपर्यंत टिकून राहिले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या दतिया संस्थानाने त्यांच्या तालमीचा आणि खुराकाचा भार उचलला.

1910 मध्ये ते धाकटे बंधू इमामबक्ष यांच्यासह लंडनला गेले. उंची कमी म्हणून त्यांना स्पर्धेत प्रवेश मिळेना. तेव्हा त्यांनी तेथील मल्लांना जाहीर आव्हान दिले आणि अमेरिकेच्या बेंजामिन रोलर यांना दोनदा चीत केले. 10 सप्टेंबरला पोलंडचे स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोर आले. गामांची ताकद ओळखताच हे धिप्पाड मल्ल गादीला पोट लावून पडून राहिले. अडीच तासांहून अधिक काळ खटपट करूनही गामांना त्यांची पाठ टेकवता आली नाही. आठवड्याने ठरलेल्या फेरकुस्तीला झिबिस्को आलेच नाहीत. जगज्जेतेपदाचा ‘जॉन बुल’ पट्टा गामांना मिळाला. निकाली कुस्ती मात्र राहून गेली.

मायदेशी परतल्यावर गामांनी अलाहाबादेत रहीमबक्ष सुलतानीवाला यांना हरवले. तरुणपणी याच उंचापुऱ्या मल्लाशी त्यांची कुस्ती बरोबरीत सुटली होती. एक जुना हिशेब असा पुरा झाला. आता जोडीचा मल्ल मिळणे दुर्मिळ झाले. तरीही जोर-बैठका थांबल्या नाहीत. तिकडे झिबिस्कोही विझले नव्हते. चाळिशी ओलांडल्यावर, 1921 आणि 1925 मध्ये, त्यांनी अमेरिकेत जगज्जेतेपद पटकावले.

जानेवारी 1928 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या आश्रयाने दोघे पुन्हा समोरासमोर उभे राहिले. दोघांनीही पन्नाशी गाठत आणली होती. हजारो प्रेक्षक नीट सावरून बसण्याआधीच, एका मिनिटाच्या आत, झिबिस्कोंना आस्मान दिसले.

या दोन कुस्त्यांत थोर कोणती? लंडनमध्ये गामांच्या अंगी ऐन बत्तिशीचे बळ होते, समोरचा मल्लही भर उमेदीत होता; म्हणून कसोटीचा कस तिथेच अधिक लागला. पतियाळात प्रतिस्पर्ध्याचेही वय झाले होते, तेव्हा केवळ सेकंद मोजून त्या विजयाचे माप काढता येणार नाही. त्याचे मोल वेगळे आहे. ज्या कुस्तीची शाश्वती नव्हती, तिच्यासाठी अठरा वर्षे शरीर तयार ठेवणे, ही त्या विजयामागची खरी कमाई.

फाळणीनंतर गामा लाहोरमध्येच राहिले. आजारपण आणि आर्थिक ओढगस्तीत त्यांचे अखेरचे दिवस गेले. 23 मे 1960 रोजी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांना कोणीही चीत करू शकले नव्हते.