मौलाना आझाद : मायभूमीचा शोध

दरवर्षी ११ नोव्हेंबर रोजी शाळाशाळांतून मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या प्रतिमेस पुष्पहार घातला जातो. २००८ पासून हा दिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळण्यात येतो. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री, थोर देशभक्त, प्रकांड पंडित, एवढी तीन विशेषणे पाठ म्हणून विद्यार्थी खाली बसतो आणि कार्यक्रम संपतो. परंतु ज्याचा जन्म हिंदुस्थानात झाला नाही, ज्याच्या आईची भाषा अरबी होती व ज्याचे बालशिक्षण शाळेबाहेर झाले, त्या मुलाने हा देश आपला कसा मानला, हे फारसे कोणी सांगत नाही. वास्तविक सांगण्यासारखे तेच आहे. आपल्याला मायभूमी जन्माबरोबर आपोआप मिळते, म्हणून तिची किंमत कळत नाही. मौलानांनी ती अभ्यासाने शोधली, अनुभवाने पारखली आणि एकदा आपली म्हटल्यावर अखेरपर्यंत सोडली नाही.

जन्म व शिक्षण

मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्का येथे झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे दिल्लीच्या विद्वान घराण्यातले. १८५७ च्या धामधुमीच्या काळात ते हिंदुस्थान सोडून गेले व मक्केत स्थायिक झाले. आई मदिनेच्या एका नामवंत आलिमांच्या घराण्यातली. मौलाना लहान असतानाच हे कुटुंब कलकत्त्यास परत आले व थोड्याच काळात आईचे छत्र हरपले. वडील मोठे पीर होते. त्यांचे मुरीद दूरदूर पसरलेले होते. इंग्रजी शिक्षणावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून मुलाचे सारे शिक्षण घरीच झाले. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, गणित, तत्त्वज्ञान हा जुना अभ्यासक्रम पुरा करण्यास इतरांना विशी-पंचविशी गाठावी लागे. या मुलाने तो सोळाव्या वर्षीच संपविला.

अशा मुलाने वडिलांची गादी चालवावी आणि मुरीदांच्या मानसन्मानात आयुष्य काढावे, हा सरळ मार्ग होता. परंतु त्याच सुमारास सर सय्यद अहमद खान यांचे लेखन त्यांच्या हाती पडले आणि आधुनिक विद्येवाचून आपले ज्ञान अपुरे आहे, हे त्यांना पटले. घरात इंग्रजीचे वातावरण नव्हते. एका परिचिताकडून मुळाक्षरे शिकून घेऊन त्यांनी इंग्रजी, फारसी व उर्दू अशी तीन भाषांतली बायबले शेजारी शेजारी ठेवून वाचली, शब्दकोश घेऊन वर्तमानपत्रे वाचली आणि ती भाषा आपलीशी केली. वारशाने आलेल्या समजुती तपासून पाहिल्याशिवाय स्वीकारायच्या नाहीत, असे त्यांनी ठरविले. ‘आझाद’ हे टोपणनाव त्यांनी याच काळात घेतले. वारसा नाकारण्याचा हा प्रकार नव्हता. तो डोळे उघडे ठेवून घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ होता.

परदेशात सापडलेला देश

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली. कलकत्त्यातील क्रांतिकारक तरुणांशी मौलानांचा संबंध आला. त्या मंडळींना मुसलमानांविषयी विश्वास वाटत नसे, कारण सरकार मुसलमानांना आपल्या बाजूला ओढू पाहत होते. मौलानांनी त्यांच्यात राहूनच हा गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न केला.

पुढे १९०८ मध्ये ते इराक, इजिप्त, सिरिया व तुर्कस्तान या देशांच्या प्रवासास गेले. तेथे इराणी क्रांतिकारक भेटले, इजिप्तमधील स्वातंत्र्यवादी भेटले, तरुण तुर्क भेटले. हे सारे मुसलमानच. पण प्रत्येक जण आपापल्या मातीसाठी झगडत होता. हिंदुस्थानातील मुसलमान आपल्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्यापासून दूर का, याचेच त्यांना नवल वाटत होते. हे ऐकून मौलानांचा निश्चय पक्का झाला. ज्या भूमीकडे पाहून आपल्यातील काही जण हिंदुस्थानाला परके लेखत होते, त्याच भूमीतील धर्मबांधव त्यांना आपल्या देशाकडे परत वळण्यास सांगत होते. मक्केत जन्मलेल्या या तरुणाला हिंदुस्थानचे खरे दर्शन अशा रीतीने परदेशात घडले.

‘अल्-हिलाल’ आणि रांची

१३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्याहून त्यांचे ‘अल्-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक सुरू झाले. स्वातंत्र्यासाठी झटणे हे मुसलमानाचे धर्मकर्तव्यच आहे, हा विचार त्यातून घरोघरी पोहोचला. सरकारने जामीन मागितला, तो जप्त केला, पुन्हा मोठा जामीन मागितला. १९१४ मध्ये पत्र बंद पडले. तेव्हा त्यांनी ‘अल्-बलाग’ काढले. अखेर १९१६ मध्ये त्यांना बंगालमधून हद्दपार करण्यात आले व रांची येथे नजरकैदेत ठेवण्यात आले.

आपल्या जिल्ह्याप्रमाणेच रांची हा आदिवासी मुलूख. ओळखीचे कोणी नाही, बाहेर जाण्यास परवानगी नाही. दुसरा एखादा दिवस मोजत बसला असता. मौलानांनी मशिदीत प्रवचने सुरू केली आणि १९१७ मध्ये मदरसा इस्लामिया ही संस्था उभी केली. स्थानिक लोकांनी पैसापैसा जमवून दिला. त्यात हिंदू शेजारीही होते. शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. या नजरबंद कैद्यापाशी ना पैसा होता ना मोकळीक, तरी शाळा निघाली.

सुटकेनंतर जानेवारी १९२० मध्ये त्यांची व महात्मा गांधींची भेट झाली. १९२३ मध्ये दिल्लीच्या विशेष काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले; तेव्हा वय अवघे ३४ होते. स्वराज्यास उशीर झाला तर हिंदुस्थानचे नुकसान होईल, पण हिंदू-मुस्लिम ऐक्य गेले तर सबंध मानवतेचे नुकसान होईल, असे त्यांनी तेथे बजावले.

रामगढ : वारसा एकच

मार्च १९४० मध्ये रामगढ येथे ते दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले. मुस्लिम लीगचा लाहोर ठराव नेमका त्याच आठवड्यातला. रामगढच्या भाषणात मौलानांनी सांगितले की, इस्लामच्या तेराशे वर्षांच्या वारशाचा आपल्याला अभिमान आहे व त्यातला लहानसा अंशही आपण गमावू इच्छीत नाही. त्याच जोराने त्यांनी हेही सांगितले की, आपण हिंदी आहोत, आणि या राष्ट्राची इमारत आपल्यावाचून अपुरी आहे. अकराशे वर्षे हिंदू व मुसलमान एकत्र राहिले. भाषा, काव्य, पोशाख, चालीरीती, रोजचा व्यवहार यांपैकी कशावरही दोघांचा ठसा उमटला नाही असे राहिलेले नाही.

हे पुस्तकी बोलणे नव्हे. आपल्या मराठीतच पाहा. जमीन, अर्ज, वकील, हुकूम हे शब्द काढून टाकले तर कचेरीत एक वाक्य बोलता येणार नाही. पेशवा हे पदनामही फारसीच. उलट, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना संत मानले. हा वारसा कोणाचा? वाटणी करू गेल्यास दोघांच्याही हाती अर्धवट काहीतरी येईल.

अहमदनगर आणि नंदुरबार

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, तेव्हा अध्यक्षस्थानी मौलाना आझाद होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना अटक झाली व कार्यकारिणीच्या सभासदांसह अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवण्यात आले. बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्याम शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमारला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. ज्या ठरावासाठी ही मुले रस्त्यावर उतरली, तो मौलानांच्या अध्यक्षतेखाली झालेला होता. आपल्या गावाचा आणि मौलानांचा संबंध एवढा जवळचा आहे.

किल्ल्यात मौलानांनी मित्राच्या नावे पत्रे लिहिली. ती टाकता येत नव्हती. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती छापली गेली. त्यांत पहाटेच्या चहाचे वर्णन आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या आहेत, तरुणपणी चांदण्या रात्री ताजमहालाजवळ वाजविलेल्या सतारीची आठवण आहे आणि ज्या किल्ल्यात कोंडले त्याचा इतिहासही आहे. आतापर्यंतच्या आयुष्यातील दर सात दिवसांपैकी एक दिवस तुरुंगात गेला, असा हिशेबही त्यांनी मांडला आहे. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्या आजारी असताना सरकारला काही विनंती करावयाची असल्यास सांगावे, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले होते. मौलानांनी विनंती केली नाही. शेवटची भेट झाली नाही.

फाळणीनंतर

या काळात स्वकीयांकडूनच त्यांना फार सोसावे लागले. अलीगढ स्थानकावर काही विद्यार्थ्यांनी त्यांचा अपमान केला. पुढे शिक्षणमंत्री झाल्यावर त्याच अलीगढ विद्यापीठाच्या रक्षणासाठी त्यांनी पुढाकार घेतला. मनात राग धरला नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीचे मुसलमान भयभीत होऊन घरदार सोडीत होते. तेव्हा जामा मशिदीत उभे राहून मौलानांनी त्यांना पूर्वजांच्या खुणा दाखविल्या, चुका परखडपणे सांगितल्या आणि हा देश तुमचाच आहे, पळू नका, असा धीर दिला. ज्याचे ऐकले नाही, तोच संकटात पाठीशी उभा राहिला.

शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे असा आग्रह धरला. विद्यापीठ शिक्षण आयोग (१९४८), खडगपूरची तंत्रज्ञान संस्था (१९५१), विद्यापीठ अनुदान मंडळ (१९५३) ही कामे त्यांच्याच कारकिर्दीतली. संगीत नाटक अकादमी १९५३ मध्ये, तर साहित्य अकादमी व ललित कला अकादमी १९५४ मध्ये स्थापन झाल्या. शाळेत न गेलेल्या आलिमाने देशातील सर्व भाषांसाठी, नृत्य-संगीतासाठी, चित्र-शिल्पासाठी घरे बांधून दिली, कारण हे सारे धन त्यांना आपले वाटत होते. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. लाल किल्ला व जामा मशीद यांच्यामध्ये त्यांची कबर आहे. १९९२ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ देण्यात आले.

विद्यार्थी मित्रांनो, देशावर प्रेम करा असे सांगून प्रेम उत्पन्न होत नाही. आधी ओळख व्हावी लागते. येत्या ११ नोव्हेंबरला प्रतिमेस हार घालाच. पण त्याबरोबर प्रत्येकाने आपल्या परिसरातील एका गोष्टीची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावी. ती माणिक चौकातील हुतात्म्यांची असेल, जुन्या दर्ग्याची असेल, प्रकाश्याच्या घाटांची असेल, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची असेल किंवा सातपुड्यातील भिल्ल-पावरा बांधवांच्या होळीची असेल. कोणती गोष्ट आपली आणि कोणती दुसऱ्याची, हे आधी ठरवू नये. लिहिता लिहिता ते आपोआप कळेल. मौलानांनाही ते असेच कळले होते.