कॅमेऱ्याची भीती आणि फाळक्यांचे डोळे

दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रकार होते. 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिकताना कॅमेरा विकत घेतला. फोटो काढणे, धुणे, छापणे ते स्वतःच शिकत गेले. पुढे गोध्र्यात त्यांनी स्टुडिओ थाटला. तिथल्या प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले.

बडोद्याला परतून त्यांनी पुन्हा धंदा मांडला, पण गिऱ्हाईक बिचकत असे. कॅमेरा अंगातली शक्ती शोषतो, फोटो काढला की आयुष्य घटते, अशी समजूत होती. कॅमेरा मात्र अंगावरून परतलेला प्रकाश तेवढा टिपतो. जीव घेणारा प्लेगचा जंतू उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता.

कॅमेऱ्याने इजा केली नाही. चित्रपटाच्या वेडापायी फाळक्यांनी स्वतःच्या डोळ्यांची हेळसांड केली. 1911 मध्ये चित्रपट पाहिल्यावर ते रोज चार-पाच तास पडद्याकडे बघू लागले. झोप अपुरी, डोळे दुखत, तरी दुर्लक्ष. अखेर दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परतली.

मग विमा गहाण टाकून ते 1912 मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा मिळवला. कुंडीत वाटाणे पेरून महिनाभर त्यांची वाढ चित्रित केली. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

नजर अचानक अंधूक झाली, तर थांबू नये; नेत्रतज्ज्ञ गाठावा.