वाटाण्याचा अंकुर आणि आगकाड्यांची मौज

संगणकाला जोडलेला वेबकॅम, टेबलावर मांडलेल्या चार आगपेट्या आणि सुटीचा रिकामा दिवस एवढ्या भांडवलावर आज शाळकरी मुलेही घरच्या घरी ‘ॲनिमेशन’ करू शकतात. काडी केसभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र टिपायचे. पुन्हा काडी सरकवायची, पुन्हा चित्र टिपायचे. अशी शे-दोनशे चित्रे वेगाने एकामागून एक दाखवली, की निर्जीव काड्या पडद्यावर चालू लागतात. या तंत्राला ‘स्टॉप मोशन’ म्हणतात. मात्र हाच खेळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने मांडला होता आणि त्यासाठी घरदार पणाला लावले होते, हे अनेकांना ठाऊक नसते. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्यासंगी पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांना अध्यापनाची संधी मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. चित्रकलेची उपजत ओढ असलेल्या धुंडिराजने १८८५ मध्ये जे. जे. कला महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्याने छायाचित्रण, मुद्रण आणि प्रतिमा घडविण्याच्या नाना कला आत्मसात केल्या. एका कलेत स्थिरावावे, हा त्याचा स्वभावच नव्हता. गोध्रा येथे त्याने छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. परंतु प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि अपत्य दगावले आणि तो संसार उधळला गेला. त्यानंतर पुरातत्त्व खात्यातील नोकरी झाली, लोणावळ्याला ब्लॉक तयार करण्याचे काम झाले, राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईशी संबंध आला. याच भटकंतीत जादूचे प्रयोगही ते शिकले. आपल्या आडनावातील अक्षरे उलटसुलट करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने त्यांनी ते सादर केले.

छायाचित्रकाराचा डोळा, छापखान्यातील कारागिराचा हात आणि जादूगाराचे मन अशा तिन्ही गोष्टी एका माणसात एकवटल्या होत्या. वस्तू न हलवता ती हलल्याचा भास निर्माण करणे हे काम या तिघांच्या संगमावरच उभे असते.

छपाईच्या धंद्यात भागीदारांशी बिनसले आणि चाळिशीत दादासाहेब बेकार झाले. त्याच सुमारास गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते. त्या दिवसापासून चित्रपटाचा ध्यास लागला. मिळेल तो चित्रपट पाहायचा, मिळेल ते परदेशी साहित्य वाचायचे, रात्र-रात्र जागून प्रयोग करायचे असा क्रम सुरू झाला. या अतिश्रमांचा डोळ्यांवर विपरीत परिणाम झाला आणि काही काळ दृष्टीच जाण्याची भीती निर्माण झाली. उपचारांनी ती परत आली. पण ध्यास सुटला नाही.

चित्रपट काढायचा तर पैसा हवा आणि पैसा देणाऱ्याला हे खूळ पटायला हवे. हिंदुस्थानात कोणी एखादी कथा चित्रित करून दाखवू शकेल, यावर सावकारांचा विश्वास बसेना. तेव्हा, ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेण्यापूर्वी, दादासाहेबांनी जो पुरावा तयार केला तो अगदी घरगुती होता. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ते रोप वाढताना टिपले. बी फुटते, कोंब वर येतो, पाने उलगडतात आणि पाहता पाहता वेल उभी राहते, असा अवघ्या मिनिटभराचा हा चलच्चित्रपट ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जातो. महिन्याचा काळ एका मिनिटात बसवण्याची ही किमया पाहून मोजक्या प्रेक्षकांचे डोळे विस्फारले. त्यांच्यापैकी यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज देण्याची तयारी दर्शविली.

रोपाचे रोज एक चित्र घेतले, असे या प्रयोगाविषयी नेहमी सांगितले जाते. परंतु मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे पडद्यावरून सरकत. या हिशेबाने मिनिटभराच्या फितीला ९६० चित्रे लागतात. ती महिन्याभरात विभागली, तर दिवसाला ३० च्या आसपास चित्रे येतात. हाताने दांडा फिरवायच्या त्या कॅमेऱ्यात काय उमटले आहे, हे फिल्म धुतल्याशिवाय कळत नसे. मधल्या काळात कॅमेरा जागचा हलला, कुंडीला कुणाचा धक्का लागला, उजेड बदलला, तर सारी मेहनत वाया. लहान मुलांनी भरलेल्या घरात हे सांभाळणे किती कठीण असेल, याची कल्पना करता येते. आजच्या वेबकॅमवर चुकलेले चित्र तत्क्षणी पुसता येते. दादासाहेबांना ती सोय नव्हती.

विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. १९१२ च्या फेब्रुवारीत दादासाहेब लंडनला रवाना झाले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांना मार्गदर्शन केले आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रत्यक्ष काम पाहण्याची संधी मिळाली. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी करून ते परतले. दादरच्या घराचाच मग कारखाना झाला. या कारखान्याचा खरा आधार होत्या सरस्वतीबाई फाळके. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडायची, ती धुवायची, हे सारे त्यांनी केले. दागिने गेले तरी कुरकुर केली नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये राजपुत्राची भूमिका त्यांचा मुलगा भालचंद्र याने केली, तर तारामती झाले अण्णा साळुंके, कारण त्या काळी चित्रपटात काम करण्यास स्त्री मिळेना. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात हा चित्रपट झळकला आणि भारतीय चित्रपटाचा इतिहास सुरू झाला.

त्यानंतर फाळके कुटुंब नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ पडद्यावर आले. १९१४ मध्ये दादासाहेब पुन्हा लंडनला गेले. तिकडेच काम करण्याचे निमंत्रण मिळाले. परंतु मायदेशातील आपला कारखाना आणि माणसे सोडून राहणे त्यांना मान्य नव्हते. याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. भांडवल पुरविणाऱ्यांनी हात आखडते घेतले.

मोठ्या चित्रपटांबरोबरच या वर्षांत त्यांनी छोट्या फितीही केल्या. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगपेटीतल्या काड्या हालचाली करत, आकार घेत. ‘लक्ष्मीचा गालिचा’ या फितीत नाण्यांचा खेळ होता. नट नकोत, वेशभूषा नको, देखावे नकोत. हवी फक्त एक-एक चित्र टिपण्याची चिकाटी. भारतातील ॲनिमेशनचा इतिहास सांगताना या काड्यांपासूनच सुरुवात करावी लागते. मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखविण्याच्या या करमणुकीकडे तेव्हा कोणी गांभीर्याने पाहिले नसावे. पण याच हातचलाखीचा भव्य आविष्कार पुढे ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटांतील चमत्कारदृश्यांत दिसला. ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंके यांनी केल्या; ‘कालियामर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

यश आले, तसे भागीदारही आले आणि मतभेदही. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत मन रमेना म्हणून दादासाहेब काशीला निघून गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि पुन्हा परतले. मात्र काळ बदलला होता. चित्रपट बोलू लागला आणि मूकपटाचा हा किमयागार मागे पडला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी उभ्या केलेल्या उद्योगाला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये.

दादासाहेबांच्या काही चित्रपटांचे अंश जतन झाले आहेत. परंतु वाटाण्याचे ते रोप आणि नाचणाऱ्या त्या काड्या आज पाहायला मिळत नाहीत. त्या पाहण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तोच खेळ स्वतः मांडून बघणे. कुंडीत चार वाटाणे पेरावेत, कॅमेरा घट्ट बसवावा, उजेड एकसारखा ठेवावा आणि महिनाभर धीर धरावा. यंत्र आज कुणालाही परवडण्याजोगे झाले आहे. धीर मात्र तेव्हा जेवढा लागत होता, तेवढाच आजही लागतो.