डॉक्टरांची बंदूक

मोबाइलवर व्हिडिओ काढताना ३० फ्रेम ठेवाव्यात की ६०? असाच पेच एतियन-ज्यूल मारे या फ्रेंच डॉक्टरांपुढे होता. जन्म १८३० चा. नाडीचे ठोके कागदावर उमटवणारे त्यांचे यंत्र आधीच गाजले होते.

१८८२ मध्ये त्यांनी चक्क बंदूक घडवली. नेम उडत्या पक्ष्यावर. पण चाप ओढला की सुटायची गोळी नव्हे, निघायची सेकंदाला १२ छायाचित्रे! प्रत्येक चित्राला प्रकाश मिळे सेकंदाचा ७२० वा भाग, त्यामुळे पंख पुसट होत नसत. चित्रे मात्र चिमुकली.

पुढे फिल्मची पट्टी आली. उलटे सोडलेले मांजर चार पायांवर कसे उतरते? मीटरभर पडायला अर्धा सेकंदही लागत नाही. बाराच्या वेगाने जेमतेम पाच चित्रे मिळाली असती. मारेंनी वेग बराच वाढवला आणि १८९४ मध्ये मांजर हवेतल्या हवेत, कशाचाही आधार न घेता वळते हे दाखवले. विद्वानांत वाद पेटला.

डोळ्याला दिसतेच ते पडद्यावर पुन्हा दाखवण्यात त्यांना रस नव्हता. ते काम लुमिएर बंधूंनी सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रांवर भागवले. मारे १९०४ मध्ये पॅरिसला वारले.