मायकेल फॅरडे : सृष्टीला प्रश्न कसा विचारावा हें शिकविणारा आचार्य

शास्त्राच्या पुस्तकांत सिद्धांत असतात; परंतु ते सिद्धांत ज्या रीतीनें मनुष्याच्या हातीं आले ती रीति पुस्तकांत क्वचितच सांपडते. सिद्धांत पाठ करतां येतो. रीति पाठ करतां येत नाहीं. ती अंगीं बाणावी लागते, आणि जिच्या अंगीं ती पूर्णपणें बाणली होती अशा व्यक्तीचें चरित्र वाचणें हा तिचा परिचय करून घेण्याचा उत्तम मार्ग होय. मायकेल फॅरडे ह्याचें नांव विजेच्या शोधांमुळें सर्वांच्या कानांवर आहे. पण त्यानें स्वतः ही रीति कशी संपादन केली, आणि ती तो मुलांना व मोठ्यांना कशी शिकवीत असे, हें तितकेंसें कोणास ठाऊक नसतें. प्रस्तुत लेखांत तेंच सांगावयाचें आहे.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स ह्या भागांत झाला. बाप जेम्स हा लोहार होता. त्याची प्रकृति अशक्त, त्यामुळें मिळकत बेताची. वाचणें, लिहिणें आणि थोडेंसें गणित एवढ्यावरच मायकेलचें शालेय शिक्षण आटोपलें. तेराव्या वर्षीं तो जॉर्ज रिबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानीं निरोप्या म्हणून राहिला, व १८०५ सालीं तेथेंच पुस्तकें बांधण्याचें काम शिकण्यासाठीं सात वर्षांच्या करारानें उमेदवार झाला. बांधणीस आलेलीं पुस्तकें तो फावल्या वेळीं वाचून काढी. विश्वकोशांतील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट ह्या विदुषीनें रसायनशास्त्रावर लिहिलेलें संवादरूप पुस्तक ह्या दोहोंनीं त्याच्या मनाची पकड घेतली. येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. छापलें आहे एवढ्यावरून तें खरें असें त्यानें मानलें नाहीं. आठवड्याकाठीं शिल्लक राहणाऱ्या थोड्याशा पैशांत जीं साधनें मिळत तेवढीं घेऊन त्यानें मार्सेटबाईंचीं विधानें प्रयोगानें पडताळून पाहिलीं. तीं खरीं उतरलीं तेव्हांच त्या पुस्तकावर त्याचा विश्वास बसला. प्रयोगशाळा नाहीं, गुरु नाहीं, द्रव्य नाहीं, अशा स्थितींत त्या मुलाला शास्त्राचा पहिला धडा असा मिळाला.

पुढें १८१० पासून तो टेटम नांवाच्या गृहस्थांच्या शास्त्रीय व्याख्यानांस जाऊं लागला. प्रत्येक व्याख्यानाची फी एक शिलिंग असे, व ती त्याचा वडील भाऊ रॉबर्ट आपल्या लोहारकामाच्या मिळकतींतून देई. १८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकाच्या कृपेनें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर हंफ्री डेव्ही ह्या विख्यात रसायनशास्त्रज्ञाचीं चार व्याख्यानें ऐकावयास मिळालीं. त्यानें त्यांचीं सविस्तर टिपणें घेतलीं, आकृत्या काढल्या, तें सर्व स्वतःच्या हातानें बांधलें आणि नोकरीच्या विनंतीसह तो ग्रंथ डेव्हीकडे पाठविला. १ मार्च १८१३ रोजीं आठवड्यास पंचवीस शिलिंग पगारावर तो त्या संस्थेच्या प्रयोगशाळेंत साहाय्यक झाला. राहण्यास त्याच इमारतीच्या माथ्यावरील दोन खोल्या मिळाल्या. त्याच वर्षीं डेव्हीबरोबर तो युरोपच्या प्रवासास गेला, तेथील मोठमोठे शास्त्रज्ञ त्यानें पाहिले आणि १८१५ सालीं तो परत आला. ह्यानंतरचें त्याचें जवळजवळ सर्व आयुष्य त्या एकाच वास्तूंत गेलें.

आतां त्याच्या कार्यपद्धतीचा एक नमुना पाहूं. १८२० सालीं डेन्मार्कमधील ओर्स्टेड ह्यानें विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकाची सुई हालते असें दाखविलें. विजेपासून चुंबकत्वाचा परिणाम घडतो, तर चुंबकत्वापासून वीज उत्पन्न होईल काय, हा प्रश्न फॅरडेच्या मनांत घोळूं लागला. १८२५ व १८२८ सालीं त्यानें प्रयोग करून पाहिले. कांहींच दिसलें नाहीं. जें दिसलें नाहीं तेंही त्यानें टिपून ठेवलें.

२९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें सुमारें सहा इंच व्यासाचें लोखंडी कडें घेतलें. त्याच्या एका बाजूस तारेचीं वेटोळीं गुंडाळून तीं विद्युद्घटास जोडण्याची सोय केली. दुसऱ्या बाजूस निराळीं वेटोळीं गुंडाळलीं आणि त्यांचीं टोकें जोडणारी तार कड्यापासून तीन फूट अंतरावरील चुंबकसुईवरून नेली. सुई जवळ असती तर कड्याच्या चुंबकत्वानेंच ती हालली असती, आणि ती हालचाल तारेंतील विजेची कीं कड्याची हें कळलें नसतें. प्रवाह सुरू करतांच सुई हालली, हेलकावे खाऊन पुन्हां पूर्वस्थानीं आली. प्रवाह चालू होता तोंवर ती स्वस्थ राहिली. प्रवाह बंद करतांच ती पुन्हां हालली.

दुसरा एखादा एवढ्यावरच जयघोष करता. फॅरडेनें एकेक अंग बदलून पाहण्यास आरंभ केला. लोखंड अवश्य आहे काय? लांकडावर वेटोळीं गुंडाळून पाहिलीं. परिणाम क्षीण झाला, पण नाहींसा झाला नाहीं. विद्युद्घट अवश्य आहे काय? १७ ऑक्टोबर रोजीं घट अजिबात काढून टाकून त्यानें पोकळ वेटोळ्यांत नुसता लोहचुंबक सारला व बाहेर ओढला. सुई दोन्ही वेळां हालली. २८ ऑक्टोबर रोजीं एका प्रचंड चुंबकाच्या ध्रुवांमध्यें तांब्याची तबकडी फिरविली. सतत वाहणारा प्रवाह मिळाला. चुंबक स्वस्थ असतां कांहीं घडत नाहीं. तार व चुंबकत्व ह्यांच्या संबंधांत बदल होत असेल तेव्हांच वीज उत्पन्न होते, हें अशा रीतीनें निश्चित झालें. आजच्या विद्युत्केंद्रांतील जनित्रें ह्याच तत्त्वावर चालतात. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्या, आणि काय घडतें तें पाहावें, हा प्रयोगरचनेचा पहिला नियम ह्या दोन महिन्यांच्या कामांत जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

त्याची दैनंदिनी हा एक स्वतंत्र धडाच आहे. १८३२ पासून तो प्रत्येक परिच्छेदास अनुक्रमांक देत गेला, आणि हे अनुक्रमांक सोळा हजारांवर गेले. तींत यशाबरोबर अपयशही त्याच काळजीनें नोंदलेलें आहे. गुरुत्वाकर्षण आणि वीज ह्यांचा कांहीं संबंध असावा अशी त्याची दृढ समजूत होती. १८४९ सालीं त्यानें त्यासाठीं पुष्कळ प्रयोग केले. फळ शून्य आलें. समजूत प्रिय असूनही पुरावा मिळाला नाहीं असें त्यानें रॉयल सोसायटीपुढें स्वच्छ मांडलें. १८६२ सालीं, वार्धक्यानें स्मृति क्षीण झाली असतां, चुंबकाच्या योगानें ज्योतीच्या प्रकाशपटांतील रेषांत फरक पडतो कीं काय हें त्यानें पाहिलें. फरक दिसला नाहीं, व तसेंच त्यानें लिहिलें. चौतीस वर्षांनीं, १८९६ मध्यें, हॉलंडांतील झेमान ह्यानें अधिक सूक्ष्म उपकरणांनीं तोच प्रयोग केला आणि त्यास तो फरक दिसला. फॅरडेच्या त्या निष्फळ प्रयत्नाची हकीकत वाचूनच झेमानला पुन्हां प्रयत्न करण्याची स्फूर्ति झाली होती. प्रामाणिकपणें नोंदलेलें अपयश दुसऱ्याच्या उपयोगीं पडतें, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण कोठें मिळेल?

फॅरडे जसा संशोधक तसाच शिक्षकही होता. १८२७ सालीं त्यानें रासायनिक हस्तक्रियांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो विद्यार्थ्यांसाठींच होता. त्यांत सिद्धांतांची चर्चा नसून वजन कसें करावें, गाळावें कसें, तापवावें कसें, कांचेची नळी कशी वांकवावी, भांडें स्वच्छ कसें ठेवावें, हेंच बारकाईनें सांगितलें आहे. हात चुकला तर सृष्टीचें उत्तरही चुकीचें ऐकूं येतें, हें तो जाणून होता.

नाताळच्या सुट्टींत लहान मुलांसाठीं व्याख्यानें देण्याची प्रथा रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८२५ पासून सुरू झाली. १८२७ ते १८६० ह्या काळांत फॅरडेनें अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. त्यांतील मेणबत्तीवरची सहा व्याख्यानांची माला सर्वांत प्रसिद्ध असून ती १८६१ सालीं पुस्तकरूपानें निघाली. विषय घरोघरच्या वस्तूचा. पण तो प्रत्येक पायरीवर प्रश्न उभा करी आणि उत्तर मेणबत्तीकडूनच वदवी. ज्योतीच्या मधल्या काळसर भागांत काय आहे? वांकडी कांचनळी तेथें धरावी. आंतील वाफ नळीवाटे बाहेर येते आणि दुसऱ्या टोकाशीं ती पेटवितां येते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ होय. मेणबत्ती विझवून वातीपासून निघणाऱ्या धुरास कांहीं अंतरावर जळती काडी लावली असतां ज्वाला धुरावरून उडी घेऊन वातीवर येते. पहिल्या अनुमानास हा दुसरा साक्षीदार. जळून काय उत्पन्न होतें? बर्फ व मीठ घातलेलें भांडें ज्योतीवर धरावें. बुडाशीं थेंब जमतात. ते पाण्याचेच कशावरून? पोटॅशियमचा तुकडा टाकून पाहावा. पाण्यावर तो जसा पेटतो तसाच येथें पेटतो. ज्वलनांतून निघालेला वायु चुन्याची निवळी पांढुरकी करतो, आणि आपला उच्छ्वासही तसेंच करतो. मेणबत्तीचें जळणें व आपलें श्वसन ह्यांतील नातें मुलांना अशा रीतीनें डोळ्यांनीं दिसे.

परंतु त्याच्या शिकवणीची खरी कसोटी १८५३ सालीं लागली. त्या वर्षीं इंग्लंडांत टेबल फिरविण्याचें वेड माजलें होतें. कांहीं मंडळी टेबलाभोवतीं बसून त्यावर हात ठेवीत, आणि थोड्या वेळानें टेबल आपोआप फिरूं लागे. कोणी म्हणत ही विजेची शक्ति, कोणी म्हणत हीं भुतें. बसणारे प्रतिष्ठित व सत्यवादी असत. आपण ढकलीत नाहीं असें ते शपथेवर सांगत. फॅरडेनें त्यांना लबाड म्हटलें नाहीं, आणि त्यांच्या शब्दावर विसंबूनही राहिला नाहीं. त्यानें गुळगुळीत पुठ्ठ्याचे चारपांच तुकडे मऊ मेणासारख्या लुकणाच्या गोळ्यांनीं एकावर एक चिकटविले, ती चवड टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवावयास सांगितलें. टेबल प्रथम हाललें तर तळचा पुठ्ठा पुढें जाऊन वरचे मागें राहतील. हात प्रथम हालले तर वरचे पुढें जातील. टेबल फिरल्यावर पाहावें तों वरचे पुठ्ठे पुढें सरकले होते! अर्थात् हातच टेबलाला ढकलीत होते, आणि हातांच्या धन्यास त्याची वार्ता नव्हती.

इतक्यावर तो थांबला नाहीं. त्यानें दोन फळ्यांमध्यें कांचेच्या कांड्या घालून, हाताची रेसभर हालचालही दाखविणारी दर्शक काडी बसविली. काडी बसणारांस दिसत असली कीं ती स्थिर राही व टेबलही फिरत नसे. ती झांकली कीं हात नकळत सरकूं लागत. आपला हात काय करतो हें डोळ्यांस दिसतांच तो आवरला जाई. हा वृत्तांत त्यानें त्याच वर्षीं प्रसिद्ध केला. तरीही पुष्कळांचा भ्रम गेला नाहीं, ह्याचें त्यास फार वाईट वाटलें. १८५४ च्या मे महिन्यांत मनाच्या शिक्षणावर व्याख्यान देतांना त्यानें ह्याचें कारण सांगितलें. आपणांस जें हवेंसें वाटतें त्याच्या बाजूचा पुरावा आपण झटकन स्वीकारतों आणि विरुद्ध पुरावा दृष्टीआड करतों. म्हणून स्वतःच्या इच्छेवर पहारा ठेवणें आणि पुरावा अपुरा असेल तर निर्णय राखून ठेवणें हें शिक्षणाचें मुख्य अंग होय, असें त्याचें म्हणणें होतें. १८६२ सालीं इंग्लंडांतील मोठ्या शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढें साक्ष देतांना त्यानें शाळांतून सृष्टिज्ञानाची उपेक्षा होते ह्याबद्दल खेद व्यक्त केला.

फॅरडे वृत्तीनें अत्यंत नम्र होता. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद व सरदारकीचा किताब हे दोन्ही मान त्यानें नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हँप्टन कोर्ट येथें आपल्या खुर्चींत बसला असतां त्याचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेंत फॅरडेचें विद्युद्यंत्र नसेल. पण त्याची रीति तेथें आणण्यास पैसा लागत नाहीं. पुस्तकांतील उत्तर अगोदर पाहून त्याला जुळतील असे आंकडे वहींत भरण्याचा मोह आपणां प्रत्येकास होतो. असा आंकडा भरणारा हात आणि नकळत टेबल ढकलणारा हात हे एकाच जातीचे आहेत; फरक इतकाच, कीं दुसऱ्याला आपली चूक ठाऊक नसते आणि पहिल्याला ती ठाऊक असते. तापमापकानें जो अंश दाखविला तोच लिहावा, तराजूनें जें वजन दाखविलें तेंच लिहावें, आणि तें पुस्तकाशीं जुळलें नाहीं तर कां जुळलें नाहीं हें एकेक अंग बदलून शोधावें. त्यांत गुण कदाचित् दोन कमी पडतील. परंतु सृष्टीला सरळ प्रश्न विचारण्याची आणि तिचें उत्तर न बदलतां ऐकण्याची जी संवय लागेल, तीच आयुष्यभर पुरेल.