सँड्रा श्मिर्लर : कर्लिंगचं पहिलं महिला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी कर्णधार

कॅरमचा बोर्ड बर्फाचा आणि सुमारे ४५ मीटर लांब आहे, सोंगटीच्या जागी जवळपास २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड आहे, अशी कल्पना करा. हा खेळ म्हणजे कर्लिंग. संघात चौघी असतात. डावपेच ठरवणारी आणि बहुतेक वेळा शेवटचे दोन दगड सोडणारी कर्णधार म्हणजे ‘स्किप’.

सँड्रा श्मिर्लर अशीच स्किप होती. जन्म १९६३, कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतातल्या बिगर या छोट्या गावात. जॅन बेटकर, जोन मॅकस्कर आणि मार्शा गुडरिट यांच्यासोबत तिने १९९३, १९९४ आणि १९९७ साली जागतिक विजेतेपद मिळवलं.

सप्टेंबर १९९७ मध्ये तिला मुलगी झाली. ऑलिम्पिकची निवड स्पर्धा नोव्हेंबरमध्येच होती. तरीही ती उतरली. अंतिम सामन्यात तिचा दगड कडेच्या दगडावर आपटून आत वळला, प्रतिस्पर्ध्यांचा मधला दगड त्याने उडवला आणि संघाला एकदम तीन गुण मिळाले. फेब्रुवारी १९९८ मध्ये जपानमधल्या नागानोत डेन्मार्कला ७-५ हरवून चौघींनी सुवर्णपदक जिंकलं. ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या कर्लिंगला अधिकृत पदक-खेळाचा दर्जा तेव्हा पहिल्यांदाच मिळाला होता.

जून १९९९ मध्ये दुसरी मुलगी झाली आणि काही महिन्यांतच कॅन्सरचं निदान झालं. २ मार्च २००० रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी सँड्रा गेली. तिचा अंत्यविधी कॅनडात टीव्हीवर थेट दाखवला गेला. आज तिच्या नावाची संस्था आजारी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी रुग्णालयांना उपकरणं पुरवते.